फाईलींचे नामरूपविज्ञान : संगणकीय कागदपत्रांचे नामकरण कसे करावे?

द्रव्यगुणशास्त्राच्या अध्ययनास प्रारंभ होतो तो नामरूपविज्ञानाने. द्रव्याचे नाव व रूप निश्चित झाल्याखेरीज त्याच्या रस-वीर्य-विपाकाची चर्चा निरर्थक ठरते, हे आपण पदवीच्या पहिल्या वर्षांपासून शिकत आलो आहोत. ओळख न पटलेले औषध कितीही गुणकारी असले तरी सुज्ञ वैद्य ते हाती घेत नाही. हीच शिस्त आपण आपल्या संगणकात साठवलेल्या कागदपत्रांना लावतो काय, असा प्रश्न या लेखात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आज बहुतेक चिकित्सालयांत व औषधनिर्माणशाळांत संगणक आहे, भ्रमणध्वनी तर प्रत्येकाच्या हाती आहे. रुग्णपत्रिका, रक्ततपासणीचे अहवाल, त्वक्‌विकारांची छायाचित्रे, परवान्यांच्या प्रती, लेबलांचे मसुदे, परिसंवादातील निबंध असे सर्व काही फाईलींच्या रूपाने साठते आणि आंतरजालावरून एकमेकांकडे जाते. मात्र या फाईलींची नावे पाहिली असता ‘स्कॅन०००७’, ‘नवीन डॉक्युमेंट’, ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘खरे अंतिम’ अशीच आढळतात. ज्याने ती फाईल तयार केली त्यास दोन महिन्यांनी ती ओळखता येत नाही. ज्यास पाठविली त्यास तर पहिल्या दिवशीही ओळखता येत नाही. चिठ्ठी नसलेल्या बरणीतील चूर्ण आपण रुग्णास देत नाही. नाव नसलेली फाईल मात्र निःशंकपणे पुढे पाठवितो.

पर्याय आणि अनेकार्थ

नामकरणाचा प्रश्न आयुर्वेदास नवीन नाही. एका द्रव्यास अनेक नावे असणे आणि एका नावाने अनेक द्रव्यांचा बोध होणे, या दोन्ही अडचणी निघंटुकारांनी फार पूर्वी ओळखल्या होत्या. गुडूचीस अमृता, छिन्नरुहा, वत्सादनी अशी नावे आहेत. पण अमृता हे नाव हरीतकीसही आहे. कृष्णा म्हटले की संदर्भाने पिप्पली समजावी लागते. शंखपुष्पी या नावाखाली भारताच्या वेगवेगळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. रास्नेची गोष्टही तशीच आहे. नरहरी पंडितांच्या राजनिघंटूत नावे पडण्याचे सात आधार सांगितले आहेत : रूढी, प्रभाव, देश्योक्ती, लांछन, उपमा, वीर्य आणि इतराह्वय. नाव हे यदृच्छेने पडू नये, त्यामागे काही आधार असावा, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

संगणकातही याच दोन अडचणी येतात. एकाच लेबलाचा मसुदा चार नावांनी चार ठिकाणी पडलेला असतो. ही झाली पर्यायांची अडचण. ‘रिपोर्ट’ या एकाच नावाच्या दहा फाईली असतात. ही झाली अनेकार्थाची अडचण. निघंटू रचून पूर्वसूरींनी जे साधले तेच आपणास एका लहानशा नियमावलीने साधावयाचे आहे.

जे सापडत नाही ते नसल्यासारखेच

नामकरणाच्या शिस्तीस किती किंमत आहे, हे हळदीच्या प्रसिद्ध प्रकरणावरून ध्यानात येईल. जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या उपयोगावर अमेरिकेत १९९५ साली एकस्व दिले गेले. जी गोष्ट आपल्या घराघरांतील आजीस ठाऊक आहे तिच्यावर परक्या देशात हक्क सांगितला गेला. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या काळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने हे एकस्व आव्हानित केले, ३२ लिखित संदर्भ सादर केले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ‘हे आम्हांस ठाऊक होते’ एवढे सांगून तेथे भागले नाही. कोणत्या ग्रंथात, कोणत्या नावाने, केव्हा लिहिले आहे हे दाखवावे लागले.

या अनुभवातून २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. संहिता व निघंटूंतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी आणि स्पॅनिश या पाच भाषांत उपलब्ध करून देण्यात आले. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय एकस्व-वर्गीकरणाशी जुळणारी स्वतंत्र वर्गवारी तयार करण्यात आली. ज्ञान तेच, ग्रंथ तेच. परंतु शोधणाऱ्यास सापडेल अशा नावाखाली व क्रमांकाखाली ते ठेवले गेले, आणि म्हणूनच ते परीक्षकांच्या उपयोगी पडले. आपल्या लहानशा चिकित्सालयातील वीस वर्षांच्या नोंदींनाही हेच तत्त्व लागू पडते.

दुसरे उदाहरण गुळवेलीचे. २०२१ साली मुंबईतील सहा रुग्णांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात गुळवेलीचे सेवन व यकृतविकार यांचा संबंध सुचविला होता. वनस्पतीची ओळख नीट निश्चित केलेली नाही, टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे अनेक केंद्रांतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाविषयीही तसा संबंध मांडण्यात आला. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. एवढे मात्र खरे की, रुग्णाने घेतलेली वनस्पती नेमकी कोणती, ती कोठून आली, कोणत्या दिवशी घेतली, याची त्या त्या वेळी केलेली नोंद ज्याच्याकडे आहे तोच अशा प्रसंगी काही सांगू शकतो. ‘गुळवेल.जेपीजी’ या नावाचे छायाचित्र अशा वेळी साक्षीस उभे राहू शकत नाही.

नावाचे पाच घटक

फाईलीच्या नावात पुढील पाच घटक याच क्रमाने असावेत असे आम्ही सुचवितो.

१. दिनांक. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ०५-०६-०७ असे लिहिल्यास भारतीय वाचक ५ जून समजेल आणि अमेरिकी वाचक ६ मे समजेल. २००७-०६-०५ असे लिहिले असता संदेह राहत नाही. ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानकातही स्वीकारली आहे. तिचा मोठा लाभ असा की, संगणकाने नावांप्रमाणे फाईली लावल्या की त्या आपोआप कालक्रमाने लागतात. महिना व दिवस नेहमी दोन अंकी लिहावा.

२. विषय. औषधाचे, व्याधीचे अथवा कामाचे नाव. हे नाव नामकोशातून घ्यावे. नामकोशाविषयी पुढे येईलच.

३. तपशील. तो कागद काय आहे हे सांगणारा शब्द : लेबल, परवाना, अहवाल, छायाचित्र, निबंध, दरपत्रक.

४. क्रमांक. रुग्णक्रमांक, घाणक्रमांक किंवा पानाचा क्रमांक. क्रमांक ००१, ००२ असे समान अंकसंख्येचे असावेत. अन्यथा अनेक ठिकाणी १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो.

५. आवृत्ती. आ०१, आ०२ याप्रमाणे.

उदाहरणार्थ : ‘२०२५-०३-१४_सूतशेखर-सुवर्ण_लेबल_आ०२.पीडीएफ’. हे नाव वाचताच फाईल न उघडता पाच गोष्टी कळतात. प्रत्येक नावात पाचही घटक असलेच पाहिजेत असे नाही, परंतु जे असतील त्यांचा क्रम बदलू नये. या लेखातील सर्व उदाहरणे मुद्रणाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात कोणती लिपी वापरावी याचा विचार पुढील भागात केला आहे.

लिपी, अंक आणि चिन्हे

पूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकलिखित होत असे आणि दुसऱ्याच्या संगणकावर त्याची अगम्य चिन्हे होत. युनिकोडमुळे ती अडचण बहुतांशी दूर झाली. आजच्या संगणकांवर व भ्रमणध्वनींवर देवनागरी नावे निर्वेधपणे चालतात. मग बाहेर पाठवावयाच्या फाईलींना देवनागरी नावे द्यावीत काय? आमचे मत असे की, स्वतःच्या संगणकापुरती अवश्य द्यावीत. बाहेर पाठविताना किंवा संकेतस्थळावर चढविताना मात्र रोमन लिपीतील लहान अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरावेत. यात मातृभाषेचा अनादर नाही, व्यवहाराची सोय आहे.

याचे कारण तांत्रिक आहे. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, आणि काना, वेलांटी, मात्रा, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘क्षीरबलातैल’ हा शब्द आपणास लहान दिसतो. संगणकाच्या लेखी त्यात ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाइट आहेत. तोच शब्द आंतरजालाच्या पत्त्यात सांकेतिक रूपाने उतरला की त्याची ९९ अक्षरांची शेपटी होते आणि वाचणाऱ्यास काहीच उमगत नाही. अनेक सर्व्हरांवर नावाची कमाल मर्यादा २५५ बाइट असते. देवनागरीत ती ८५ चिन्हांतच संपते. शिवाय ‘ॲ’ आणि ‘ऱ’ यांसारखी अक्षरे दोन निरनिराळ्या प्रकारे टंकलिखित होऊ शकतात. डोळ्यांस ती सारखी दिसतात, परंतु शोध घेताना सापडतीलच असे नाही.

रोमन लिपी स्वीकारली तरी लिप्यंतराचा प्रश्न उरतोच. अश्वगंधा लिहिताना ‘व’ साठी व्ही घ्यावा की डब्ल्यू? च्यवनप्राश, वासावलेह, शतावरी या प्रत्येक नावाची दोन-तीन रूपे व्यवहारात दिसतात. विद्वज्जन अक्षरांच्या वर-खाली टिंबे व रेघा देऊन उच्चार अचूक दाखवितात. निबंधात ते योग्यच आहे, फाईलीच्या नावात नको. येथे कोणते रूप अधिक शुद्ध हा वाद गौण आहे. एक रूप निवडावे आणि तेच नेहमी वापरावे. अम्लपित्त की आम्लपित्त, याचाही निर्णय एकदाच करून टाकावा. व्याधींच्या नावांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या ‘नमस्ते’ या आयुष संकेतस्थळावरील प्रमाण संज्ञा व संकेतांक उपलब्ध आहेत. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी या पद्धतींच्या व्याधिसंज्ञांचा विभाग प्रकाशित केला. संशोधनार्थ नोंदी ठेवणाऱ्यांनी या संज्ञांचाच आश्रय करावा.

चिन्हांविषयी पथ्ये अशी :

१. तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, विसर्गासारखे दुहेरी टिंब, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, कोनकंस आणि उभी रेघ ही चिन्हे विंडोज प्रणालीत नावासाठी निषिद्ध आहेत. म्हणून दिनांक कधीही तिरक्या रेघेने तोडू नये.

२. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडू नये. आंतरजालाच्या पत्त्यात मोकळ्या जागेचे टक्क्याचे चिन्ह व वीस हा अंक असे रूपांतर होते आणि दुवा अनेकदा मध्येच तुटतो.

३. घटकांमध्ये खालची रेघ व घटकातील शब्दांमध्ये जोडरेघ वापरावी. संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवावयाच्या फाईलीत मात्र सर्वत्र जोडरेघच वापरावी. शब्द वेगळे करण्यासाठी गूगलनेही जोडरेघेचाच पुरस्कार केला आहे.

४. रोमन अक्षरे सर्व लहान ठेवावीत. विंडोज मोठ्या-लहान अक्षरांत भेद करीत नाही, परंतु संकेतस्थळांचे बहुसंख्य सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात ती भेद करते. घरी उघडणारा दुवा बाहेर न उघडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

५. नाव आटोपशीर असावे. विंडोजमध्ये फोल्डरांसह संपूर्ण मार्गाची लांबी सामान्यतः २६० अक्षरांपर्यंत चालते. फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सवय असलेल्यांस ही मर्यादा लवकर गाठते.

संगणकास सोयीचे नाव घेण्याचा संकोच शास्त्रज्ञांनीही केलेला नाही. काही मानवी जनुकांची नावे मार्च-१, सेप्ट-१ अशा लघुरूपांची होती आणि एक्सेलमध्ये ती टंकलिखित करताच त्यांचे दिनांकांत रूपांतर होत असे. अखेर २०२० साली जनुकांच्या नामकरण समितीने ती नावेच बदलली.

शेवटचे टिंब आणि त्यापुढील अक्षरे

नावाच्या शेवटी टिंबानंतर जी अक्षरे येतात ती फाईलीची जात सांगतात : पीडीएफ, जेपीजी, डॉक्स इत्यादी. ती कधीही पुसू अथवा बदलू नयेत; बदलली म्हणून फाईल दुसऱ्या जातीची होत नाही, केवळ उघडेनाशी होते. विंडोज ही अक्षरे मुळात लपवून ठेवते. ती दिसतील अशी व्यवस्था प्रत्येकाने करून घ्यावी. मे २००० मध्ये जगभर थैमान घालणारा ‘आय लव्ह यू’ हा विषाणू याच आडोशाने पसरला. ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’ असे त्या फाईलीचे पूर्ण नाव होते. शेवटची अक्षरे लपलेली असल्याने लोकांना ते साधे पत्र वाटले आणि त्यांनी ते उघडले. नावात दोन टिंबे असलेली अपरिचित फाईल आली असता ती उघडू नये.

आवृत्ती : ‘अंतिम’ हा शब्द वर्ज्य

मसुद्यास ‘अंतिम’ असे नाव दिले की दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती निघते. त्यामुळे हा शब्द नावातून पूर्णपणे वगळावा आणि आवृत्तीस क्रमांक द्यावा. निर्माणशाळांनी तर याविषयी विशेष दक्ष राहावे. समजा, सूतशेखराच्या लेबलाचे दोन मसुदे आहेत, एक साध्याचा व एक सुवर्णयुक्ताचा. दोन्ही फाईलींचे नाव ‘सूतशेखर लेबल नवीन’ असेच आहे. मुद्रकाकडे चुकीची फाईल गेली तर घटकद्रव्ये एक आणि वेष्टनावर दुसरीच, असा प्रसंग ओढवेल. छपाईचा खर्च वाया जाईल तो जाईलच. त्याहून गंभीर म्हणजे रुग्णाच्या हाती चुकीची माहिती पडेल आणि कायद्यानुसारही तो दोष ठरेल. ‘सूतशेखर-साधा’ आणि ‘सूतशेखर-सुवर्ण’ एवढा भेद नावात असता तर हा अनर्थ टळला असता.

एकाच नावाचे योग निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळ्या पाठांनी येतात, हे वाचक जाणतातच. म्हणून शास्त्रोक्त योगाच्या फाईलीत ग्रंथाचे संक्षिप्त नाव घालावे : योगरत्नाकरासाठी ‘योर’, भैषज्यरत्नावलीसाठी ‘भैर’, शार्ङ्गधरासाठी ‘शा’. औषध व प्रसाधन अधिनियम, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांचा आधार परवान्यासाठी घ्यावा लागतो. तेव्हा हा ग्रंथसंकेत पुढेही उपयोगी पडतो.

रुग्णाचे नाव फाईलीस देऊ नये

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा नियम हाच आहे. रुग्णाचे नाव, आडनाव, गाव, दूरध्वनी क्रमांक आणि व्याधी यांपैकी काहीही फाईलीच्या नावात असू नये. फाईल बंद असतानाही तिचे नाव सर्वांस दिसते : पडद्यावर, मुद्रणालयात, भ्रमणध्वनीच्या सूचनेत, सल्ल्यासाठी ज्याच्याकडे पाठविली त्याच्या घरातील संगणकावर. पैठण, गंगापूर, कन्नड, सिल्लोड किंवा वैजापूर तालुक्यातील एखाद्या लहान गावाचे नाव, आडनाव आणि ‘श्वित्र’ हा शब्द एकत्र आले की ती व्यक्ती कोण हे पंचक्रोशीत कळते. श्वित्र, अर्श, वंध्यत्व, क्लैब्य यांविषयी रुग्ण वैद्याशी जे बोलतो ते विश्वासाने बोलतो. उपवर मुलीच्या त्वचाविकाराचे छायाचित्र तिच्या नावानिशी फिरले, तर कोणतेही औषध ती हानी भरून काढू शकत नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक रुग्णास क्रमांक द्यावा, क्रमांक व नाव यांची जोडी कुलूपबंद नोंदवहीत अथवा संकेतशब्दाने सुरक्षित केलेल्या फाईलीत ठेवावी, आणि बाहेर केवळ क्रमांक जाऊ द्यावा : ‘२०२५-०७-०२_रु०४१७_छायाचित्र_०१.जेपीजी’. आमच्या चिकित्सालयात आम्ही हीच पद्धत पाळतो. येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवावी. वरचे नाव बदलले तरी फाईलीच्या आत काही नोंदी उरतात. छायाचित्रात दिनांक व कधी कधी स्थळही नोंदलेले असते. पीडीएफमध्ये जुने शीर्षक तसेच राहते आणि उघडताच वर झळकते. पाठविण्यापूर्वी गुणधर्मांच्या चौकटीत या नोंदी तपासून काढून टाकाव्यात.

भारतात २०२३ साली अंकीय व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. तथापि कायद्याच्या धाकाने नव्हे, तर वैद्यधर्म म्हणून हा नियम पाळावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

स्थलनामे

आपल्या शहराच्या नावांचा इतिहास नामकरणाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेले खडकी पुढे फतेहनगर झाले, त्यानंतर औरंगाबाद झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. जिल्ह्याच्या नामांतराची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली आणि रेल्वे स्थानकाचे नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले. परिणामी आपल्यापैकी अनेकांच्या पदवी प्रमाणपत्रांवर, जुन्या परवान्यांवर व भाडेकरारांवर पूर्वीचे नाव आहे आणि नव्या कागदांवर नवीन. धाराशिव व अहिल्यानगर येथील वैद्यांचीही हीच स्थिती आहे.

अशा वेळी फाईलीच्या नावात शहराचे नाव घालण्याऐवजी पिनकोड घालणे श्रेयस्कर. ४३१००१ हा क्रमांक नामांतराने बदललेला नाही. नामकोशात मात्र दोन्ही नावे समोरासमोर लिहून ठेवावीत, म्हणजे जुने कागद शोधणाऱ्यास अडचण येणार नाही. वनस्पतींच्या नावांचेही असेच आहे. अशोकाचे शास्त्रीय नाव पूर्वी सराका इंडिका असे लिहीत, आता सराका असोका असे लिहितात. म्हैसमाळ अथवा गौताळा परिसरात वनस्पतिनिरीक्षणास जाणाऱ्यांनी छायाचित्रास दिनांक, शास्त्रीय नाव, वनस्पतीचे अंग आणि स्थळ या क्रमाने नाव द्यावे. ओळख पक्की नसेल तर ‘अनिश्चित’ असे स्पष्ट लिहावे.

निर्माणशाळांसाठी विशेष

२००० साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल टी नुसार उत्पादनाच्या व तपासणीच्या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. ज्यांनी या नोंदी संगणकावर आणल्या आहेत त्यांनी घाणक्रमांक, म्हणजे बॅच नंबर, हाच नावाचा कणा मानावा. कच्च्या मालाची तपासणी, उत्पादनपत्रक, तयार औषधाचा अहवाल आणि लेबलाची प्रत, या चारही फाईलींत तोच क्रमांक असल्यास एका शोधात चारही समोर येतात. तपासणी अधिकारी समोर बसले असता अथवा एखाद्या घाणीविषयी तक्रार आली असता ही सोय किती मोलाची आहे, हे सांगावयास नको. परवान्याच्या फाईलीत मुदत संपण्याचा दिनांक घालावा. नूतनीकरणाची आठवण नावच करून देईल.

पाठविण्याची माध्यमे

व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविले की त्याचे मूळ नाव जाते व स्पष्टताही घटते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास दोन्ही टिकतात. ईमेलमधून तीच फाईल दोनदा उतरविली की नावापुढे कंसात १ येतो. तो नवीन आवृत्तीचा अंक नव्हे. गूगल ड्राइव्हच्या एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाईली राहू शकतात, म्हणून तेथे आवृत्तीक्रमांक अत्यावश्यक आहे. ड्राइव्हवरील फाईलीचे नाव बदलले तरी दुवा टिकतो. संकेतस्थळावरील फाईलीचे नाव बदलले की जुना दुवा मरतो. म्हणून संकेतस्थळासाठी नाव आधीच विचारपूर्वक द्यावे.

आरंभ कसा करावा?

सर्व जुन्या फाईलींची नावे एका रविवारी बदलण्याचा संकल्प करू नये. तो तडीस जात नाही. एक दिनांक ठरवावा आणि त्या दिवसापासून निर्माण होणाऱ्या प्रत्येक फाईलीस नवीन पद्धतीने नाव द्यावे. जुन्या फाईलींची प्रत प्रथम वेगळी सुरक्षित ठेवावी आणि मग जी जी हाताशी येईल तिचे नाव सुधारावे. एका पानाचा नामकोश तयार करावा : औषधांची, व्याधींची व कागदांच्या प्रकारांची ठरलेली रूपे त्यात अकारविल्हे असावीत. तो संगणकाशेजारी भिंतीवर लावावा आणि सहायक, औषधसंयोजक व लिपिक या सर्वांस समजावून द्यावा. नियम एकट्या वैद्याने पाळून भागत नाही. फाईलीस नाव देणारा हात बहुधा दुसऱ्याचाच असतो.

सारांश

नाव वाचताच फाईल कोणती हे कळावे. कळू नये ते त्यातून कळू नये. आणि आपल्या पश्चात चिकित्सालय चालविणाऱ्यासही ती सापडावी, एवढेच या नियमांचे प्रयोजन आहे. आपल्या नोंदी हे आपल्या अनुभवाचे संचित आहे. त्यांस नाव देण्यास अर्धे मिनिट लागते.

स्वाध्याय

१. आपल्या संगणकातील कोणत्याही वीस फाईली निवडाव्यात. न उघडता त्यांपैकी किती ओळखता येतात ते पाहावे.

२. त्या वीसांपैकी कितींच्या नावात रुग्णाची ओळख उघड होते ते मोजावे व त्यांची नावे प्रथम बदलावीत.

३. आपण नेहमी वापरता त्या दहा औषधांची रोमन रूपे निश्चित करून नामकोशाचे पहिले पान तयार करावे.